नाही म्हणायचं नाही

फळ्यावर पहिला नियम लिहिला:
वीस मिनिटं कोणी ‘नाही’ म्हणायचं नाही.
दुसरा लिहायला गेलो तर खडू संपला.

कुंकळ्ळी, मंगळवार, शेवटचा तास.
समाजशास्त्र, तिसरं वर्ष, अकरा मुलं.
बाकं ओढून गोल केला. गोल कसला,
रताळ्यासारखं काहीतरी, दाराच्या बाजूला फुगलेलं,
मध्ये गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची उलटी पानं.

आधी आले ते विषय नव्हतेच, मथळे होते:
पर्यटनाचे परिणाम.
तरुण पिढी आणि मोबाइल.
पर्यावरण, एक अभ्यास.
जोस्लिनने ‘स्त्री’ एवढंच लिहिलं
आणि पुढे काय म्हणून पेनाचं टोपण चावत बसली.
मी गप्प. नियम माझाच.
मनात मात्र प्रत्येक पानाला नाही म्हणत होतो.

मग तन्वेशने थट्टेत लिहिलं:
मडगावच्या बसमधला कंडक्टर सुट्टे का देत नाही?
हसले सगळे.
हसता हसता कोणीतरी खाली लिहिलं, कोणाला देत नाही?
त्याखाली तिसऱ्याच अक्षरात:
माझ्या आईला देतो. ती त्याच्या वाड्यावरची.
पान पहिल्यांदा जड झालं.

‘सर, एक सांगूं?’ ओडेट म्हणाली.
‘विषय न्हय पूण.’
तिच्या आईच्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या बाजूला,
नऊ खिळे आहेत. नऊ चाव्या.
दोन लिस्बनच्या, तीन स्विंडनच्या, कुवेतच्या,
म्हणजे घरं इथलीच, हाकेच्या अंतरावरची,
माणसं तिकडची.
शनिवारी आई एकेक उघडते,
खिडक्या ढकलते, वाळवीची रेघ चपलेने पुसते,
क्रुसापुढे मेणबत्ती लावते, नळ सोडून बघते,
पुन्हा बंद.
‘काय मिळतं तिला?’
‘नाताळाला चॉकलेटचा डबा. आला तर.’

वीस मिनिटं कधीच होऊन गेली होती.

आमच्याकडे पण आहेत, तीन.
आमच्याकडे एक, पण कुलूपच बदललंय त्यांनी, न सांगता.
बाईकडेच का देतात?
सख्ख्या भावाकडे का नाही?
इथे दोघं-तिघं हसले,
ज्यांच्या घरी कोर्टाच्या तारखा आहेत त्यांचं हसणं.
वीजबिल कोण भरतं? चावी सांभाळणारी मेली तर?
कागद पुरेनात, तन्वेश पानांच्या सुलट्या बाजूवर लिहू लागला,
एकादशी, अमावास्या, मधल्या चौकोनांत.

नाझिया इतका वेळ बोलली नव्हती.
म्हणाली, आम्हाला खोली मिळत नाही, सर.
अब्बा अकरा महिन्यांनी दरवेळी नवी शोधतात.
आणि एवढी घरं बंद.

हे कोणी लिहून घेतलं नाही.
थोड्या वेळाने तिनेच लिहिलं,
मोठ्या अक्षरात, एका अख्ख्या महिन्यावर.

माझा विषय मला मार्गदर्शकांनी दिला होता,
चहा पिता पिता. चहा आधी संपला.
पाच वर्षं राहिलो त्या विषयात भाडेकरूसारखा,
भिंतीला खिळा न ठोकता.
हे मुलांना सांगावंसं वाटलं.
शिपाई दार लावायला आला, राहून गेलं.

बुधवारी ओडेट जरा उशिरा आली.
आईला विचारलं म्हणाली.
आई म्हणते, आठ चाव्या दाखवीन,
कोण, कधी गेले, काय सांगून गेले, सगळं सांगीन,
नावं लिहायची नाहीत.
आणि नववीबद्दल विचारायचं नाही.

नवा खडू होता.
मी ते तसंच फळ्यावर लिहिलं, दुसरा नियम म्हणून.
अकरा जणांनी उतरवून घेतलं.
तन्वेशने ‘नववी’खाली दोन रेघा मारल्या,
मग माझ्याकडे बघून
एक खोडली.